कोठीतले हंडे

ईश्वरीनं शेवटचा पितळी गुंड चिंच-मिठानं घासला, धुतला, जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडा केला आणि काचेच्या कपाटात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. बाहेर पेठेत बसवजयंतीच्या मिरवणुकीची तयारी चालली होती, कुणीतरी लाऊडस्पीकरवर फुंकर मारून बघत होतं. तिचा नवरा अमरनाथ कमरेवर हात ठेवून, मागं सरकून, मान तिरपी करून कपाट बघत होता. पहिल्यांदा सायकल मिळालेल्या पोराच्या तोंडावर असतो तसला आनंद त्याच्या तोंडावर होता.

"अक्कानं बघितलं की डोळ्यातनं पाणी काढती का न्हाई बघ."

"डागदरानं डोळ्यात पाणी येऊ द्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय," ईश्वरी म्हणाली.

तो हसला. तिला हसू आलं नाही. भांडी भरून टेम्पो गेला त्या दिवसापासून तिचं कशात लक्ष लागत नव्हतं, आणि आज तर सण, पुरण शिजवायचं, आंबे पिळायचे, शेंगदाणे भाजायचे.

अक्का म्हणजे शिवकांता, अमरनाथची आई. सारी गेवराई अक्का म्हणते म्हणून पोटची पोरंही अक्काच म्हणत. मोतीबिंदू काढायला ती धाकट्या लेकाकडं, बसवेश्वरकडं, औरंगाबादला जाऊन राहिली होती. आज अक्षय्य तृतीया, बसवजयंती. बसवेश्वर तिला गाडीत घालून घरी आणणार होता. ती नसताना इथं काय झालं ते तिला कुणीही कळवलं नव्हतं. अमरनाथचं म्हणणं, असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या असतात का, समोर उभं करून दाखवू.

आता अमरनाथ काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक त्याला उगाच शिव्या घालायचे. बाप गेला तेव्हा तो शाळेत जाणारं लेकरू होता आणि बसवेश्वर तर रांगत होता. दुखवटा सरला तशी शिवकांता कपाळाला विभूती लावून, डोक्यावर पदर घेऊन दुकानाच्या गादीवर येऊन बसली. भांड्यांचं दुकान. पेठेतले व्यापारी एकमेकांना म्हणाले, बाईमाणूस हाय, दोन दिस बसंल अन् गाशा गुंडाळंल. म्हणणाऱ्यांतले निम्मे आता समाधीत गेले, आणि अक्का गादीवरच होती.

नवऱ्याची छिन्नी-हातोडी उचलून ती भांड्यावर नाव घालायला शिकली. टिंबाला टिंब लावत अक्षर काढायचं. तिचं अक्षर असं की लोक हंडा दुसऱ्याकडून घ्यायचे आणि नाव घालायला अक्काकडं यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "पोराचं नाव घाला," नाहीतर, "आमच्या दादांचं घाला." अक्का छिन्नी खाली ठेवायची.

"पाणी कोण भरणार हाय ह्यात?"

"मंडळी."

"मग तिचं नाव सांगा."

गडी माणसं लाजायची, तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. एखादा चिडून हंडा तसाच घेऊन जायचा आणि बाजारभर फिरून परत यायचा. नाव बाईचंच पडायचं.

पुढं तांब्या-पितळेचे दिवस सरले. स्टील आलं, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, हलकी भांडी आली, आता तर प्लास्टिकच्या घागरी. लोक जुनी भांडी मोड म्हणून दुकानात घालायचे आणि नवी न्यायचे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या बाया दुकानात दाटी करायच्या. उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत तांब्याचा हंडा वागवायचा कुणी? त्यापेक्षा जर्मनचं पातेलं बरं, डोक्यावर घेतलं तर मानही मोडत नाही. मोड भट्टीला जायची आणि वितळायची, धंद्याची रीतच ती. पण भट्टीला घालण्याआधी एकेक भांडं फिरवून वाचायची खोड अक्काला लागली. एका कळशीवर तिला धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव सापडलं, आणि त्या कळशीवर हात ठेवून ती दुपारभर बसून राहिली, गिऱ्हाईक आलं तरी उठली नाही. तिथून नाद लागला. रझाकाराच्या साली आडात टाकलेली, पोचे पडलेली परात. निजामाच्या वेळची उर्दू अक्षरं आणि फसली सन घातलेला गुंड. शाळेतले मास्तर वर्ग घेऊन यायचे. औरंगाबादचे प्राध्यापक आले, फोटो काढून घेऊन गेले, पेपरात छापून आलं. घरात याला 'अक्काचं खूळ' म्हणत. दुकानामागची कोठी भरत गेली. कोठीला कुलूप, आणि किल्ली अक्काच्या कमरेला.

ऑपरेशनला जाताना ती किल्ली तिनं ईश्वरीच्या हातात दिली. "तुझ्यावर सोडून चालले बघ," एवढंच म्हणाली.

आणि मग अमरनाथला टीव्ही-फ्रीजची एजन्सी मिळाली. गेवराईत केबल आली होती, लग्नात आंदण म्हणून कुणी परात मागत नव्हतं, रंगीत टीव्ही मागत होतं. भांड्यांच्या दुकानात बसून माश्या मारायच्या की काळाबरोबर चालायचं? एजन्सीला शोरूम पाहिजे, शोरूमला जागा, आणि जागा म्हणजे कोठी. पण अक्काचं खूळ त्यानं सरसकट उचलून फेकलं नाही हो. दुकान बंद झालं की तो ईश्वरीकडनं किल्ली घेऊन कोठीत बसायचा, एकेक भांडं उजेडात धरायचा. जुनं, सन घातलेलं, उर्दू अक्षरांचं, नक्षीचं, असं सगळं निवडून त्यानं बाजूला काढलं. सागवानी कपाट करून घेतलं, काचा लावल्या, आत बल्ब बसवला. राहिले ते साधे हंडे, ज्यांच्यावर कुण्या बाईचं नाव आणि गाव, बस. ते त्यानं टेम्पोत भरून भट्टीला दिले.

टेम्पो भरताना ईश्वरी हात लावत होती. एका हंड्याच्या गळ्यापाशी तिच्या बोटांना लाल लागलं. मग दुसऱ्याच्या. मग आणखी एकाच्या.

"अहो, ह्यांना कुंकू हाय."

"कोठीत कुंकवाचा करंडा सांडला असंल. उचल."

कोठी तीच झाडायची. करंडा कधी सांडला नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. पण अमरनाथनं तिला कबूल केलं होतं, शोरूमच्या काउंटरवर तू बसायचं. लग्न होऊन आल्यापासून ती दुकानात गेली ती चहाचा ट्रे घेऊन, आणि रिकामा ट्रे घेऊन परत आली. अक्का गादीवर बसली ती बसली, सुनेला कधी म्हणाली नाही की ये, जरा बस. ईश्वरीनं हंडा उचलला आणि टेम्पोत ठेवला.

दुपारी बसवेश्वरची गाडी दाराशी थांबली. अक्का उतरली, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी. अक्काचे दीर, तिच्या नवऱ्याचे सख्खे धाकटे भाऊ गुरुपादकाका, सकाळपासून येऊन पाटावर बसले होते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

"शरणार्थ, वहिनी. डोळे काय म्हणतात?"

"शरणार्थ, भावजी. आता तुमच्या मिशीतला पांढरा केस बी दिसतो."

काका हसले. जेवणं झाली. आमरस, पुरणपोळी, कटाची आमटी. बसवेश्वर शहराच्या गोष्टी सांगत होता, अमरनाथचं लक्ष नव्हतं, तो सारखा कोठीच्या दाराकडं बघत होता. पानावरून उठल्या उठल्या त्यानं आईचा हात धरला.

"अक्का, चल. एक दाखवायचंय."

त्यानं बल्ब लावला. कपाट उजळलं. परात, गुंड, कळशी, समया, सगळं सोन्यासारखं. अक्का दारातच थांबली. मग पुढं आली, काच सरकवली आणि उर्दू अक्षरांच्या गुंडावर बोट फिरवलं. ईश्वरी चौकटीला टेकून उभी होती.

"तू केलंस हे?"

"मी केलं. घासायचं ईश्वरीनं केलं. तुझं म्युझियम हाय, अक्का. शोरूममध्ये दर्शनी भागाला ठेवायचं. टीव्ही घ्यायला येणारं माणूस आधी हे बघंल."

"लई केलंस रे," अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच भरून आला होता. "तुझ्या बापाला बघायला पाहिजे होतं."

गुरुपादकाका म्हणाले, "आमचा अमर म्हणजे कोंड्याचा मांडा करणारा गडी. खूळ खूळ म्हणत होतो, त्यानं खुळाचं कौतुक करून दाखवलं." बसवेश्वर म्हणाला, "मी फोनवर म्हणलंच होतं, कर बिनधास्त." सगळे सैलावले. ईश्वरीलाही वाटलं, सुटलो. कुंकवाचं काही नसेल. आपल्याच मनाचे खेळ.

अक्का कोठीत आणखी पुढं गेली. भिंतीला हात लावला. मग दुसऱ्या भिंतीला.

"हंडे कुठं ठेवलेत?"

"कुठले हंडे?"

"माझे. ह्या भिंतीला होते ते. तलवाड्याचे, चकलांब्याचे, नेकनूरकडचे."

"ते व्हय," अमरनाथ म्हणाला. "ते साधे होते, अक्का. एक बी जुना नव्हता, मी एकेक बघितला. कुणाचा वीस वर्षांचा, कुणाचा पंचवीस. ते भट्टीला दिले."

अक्कानं चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता आणि दुसरा पाण्यानं भरला होता.

"सगळे?"

"सगळे. अक्का, तुला काय झालं? सगळं जुनं ठेवलंय की मी. इतिहास सगळा कपाटात हाय."

ती खाली बसली, तिथंच, कोठीच्या फरशीवर. बसवेश्वर धावला, तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"अमर," ती म्हणाली, "सातबाऱ्यावर कुणाचं नाव असतं?"

"मालकाचं."

"आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग पोराचं. रेशनकार्डावर? मतदार यादीत? फलाण्याची बायको. दगडावर कुणाचं नाव घालतात? एवढ्या तालुक्यात ऊस तोडणाऱ्या बाईचं तिचं एकटीचं नाव कुठं लिहिलेलं असतं, सांग. मी सांगते. हंड्यावर. ते बी मी घातलं म्हणून. मला वाटलं, उर्दू गुंड कुणीतरी ठेवील. प्राध्यापक ठेवतील, सरकार ठेवील. हे हंडे मी सोडून कुणी ठेवणार न्हाई."

"मग सांगायचं की तसं," अमरनाथचा आवाज चढला. "एवढ्या वर्षांत एक शब्द बोललीस? प्राध्यापक आले की तू बी गुंड दाखवायचीस, परात दाखवायचीस. साध्या हंड्याचं नाव काढलं न्हाईस कधी. आमी कसं समजायचं? अन् मोड हाय ती. मोड घेतली की दुकानाची झाली. धंद्याची रीत तूच शिकवलीस मला."

त्याचं काही खोटं नव्हतं. अक्कालाही ते कळत होतं.

गुरुपादकाका मधे पडले. "वहिनी, पोराचं बराबर हाय. भाव देऊन घेतलेली वस्तू, ठेवायची का इकायची, मालकाची मर्जी."

"काका, मालक अक्का हाय," बसवेश्वर म्हणाला. "दुकान अजून तिच्या नावावर हाय. दादानं विचारायला पाहिजे होतं."

अमरनाथ त्याच्याकडं वळला. "आत्ताच तर म्हणलास बिनधास्त कर म्हणून."

"कपाटाला म्हणलो होतो. भट्टीला न्हाई."

"वा रे वा. कावून आता उलटायलास? शोरूम झाल्यावर भागीदारी पाहिजे, अन् शिव्या खायच्या वेळेला मी एकटा."

भाऊ भावाशी बोलू लागले तसा काकांचा सूर बदलला. त्यांना भांडण नको होतं, इतकं नको होतं की त्यासाठी ते कुठल्याही बाजूला जायला तयार होते. "अमर, बसूचं बी चूक न्हाई. थोरल्यानं जरा इचारावं." अमरनाथ त्यांच्याकडं बघत राहिला. थोड्या वेळापूर्वी कोंड्याचा मांडा करणारा गडी होता तो.

ईश्वरी चौकटीशी उभी होती. नवऱ्याचं तोंड लाल झालेलं तिला दिसत होतं. त्यानं पुढं काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं आणि त्यानं तेच म्हटलं.

"मला काय माहीत होतं त्या हंड्यांत काय हाय? त्यांच्यावर काय वेगळं होतं का?"

"कुंकू होतं," ईश्वरी म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. या घरात बैठक बसली की ती बोलत नसे.

"मी सांगितलं होतं त्यांना. करंडा सांडला असंल म्हणाले. अन् करंडा सांडला नव्हता हे मला माहीत होतं." ती नवऱ्याकडं बघत नव्हती, अक्काकडं बघत होती. "मला दिसलं होतं, अक्का. तरी मी उचलले."

अक्कानं तिच्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"किल्ली तुझ्याजवळ दिली होती मी."

"व्हय."

"ते कुंकू बाया लावतात. त्या ह्या दिवसांत फडावरून आल्या की दुपारच्याला येतात, तू पाणी दिलंयस त्यांना. कधी इचारलं न्हाईस कावून येतात ते."

ईश्वरीला आठवलं. उन्हाच्या वक्ताला, अमरनाथ जेवून लवंडला की, कुणी बाई मागच्या दारानं यायची. अक्का कोठी उघडून द्यायची आणि स्वतः बाहेर बसायची. ईश्वरीला वाटायचं मोडीचा व्यवहार असेल. पाणी देऊन ती आत निघून जायची.

मागच्या दाराची कडी वाजली.

"अक्का, हाय का घरात? मी कौसल्या."

तलवाड्याची कौसल्याबाई आत आली आणि एवढी माणसं बघून दारातच थबकली. फडावरच्या उन्हानं काळी पडलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेलं.

"पाव्हणे हायत व्हय? मग मी येते मागून."

"न्हाई, ये," अक्का म्हणाली. ती भिंतीला धरून उठली. "ये, कौसल्या."

"कालच उतरलो बघा. म्हणलं आज सण, आधी आईला भेटून येऊ." तिनं गाठ सोडली. कागदात बांधलेलं कुंकू होतं. मग अमरनाथच्या तोंडावरचं कोडं बघून तिनंच हसत सांगितलं, "आमची आई फडावरच गेली, दादा. तकडंच कुठं तरी जाळली, मुकादम थांबू देत नव्हता. ना फोटू, ना दगड. हंडा तेवढा हाय हितं, मोडीत घातलेला. अक्का म्हणल्या, मी ठेवते, तू येऊन बघून जात जा."

अमरनाथ अक्काकडं बघत होता. त्याला वाटत होतं, अक्का काहीतरी बोलेल, सांभाळून घेईल, किल्ली हरवली म्हणेल. आयुष्यभर अक्कानंच सांभाळून घेतलं होतं.

"कौसल्या, हंडा न्हाई," अक्का म्हणाली. "भट्टीला गेला. वितळला."

कौसल्याबाईच्या हातातला कागद उघडाच होता.

"माझा?"

"सगळ्यांचे."

अमरनाथ पुढं झाला. "मावशी, मी देतो. नवा देतो, तांब्याचाच, त्याच मापाचा. अक्का नाव घालून देईल. पैसा घेणार न्हाई."

"नगं दादा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "त्यात आईनं पाणी कुठं भरलंय."

मग ती अक्काकडं वळली. "तुमी घरी नव्हता व्हय?"

"नव्हते. डोळ्याच्या ऑपरेशनला गेलते."

"मग तुमच्याकडं काय दोस." तिनं कुंकवाचा कागद जपून दुमडला, परत गाठीत बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. ईश्वरीनं आणलेलं पाणी ती प्याली, तिनं भांडं पालथं घालून ठेवलं. दाराशी जाऊन ती थांबली.

"पुढल्या साली कुठं येऊ, अक्का?"

अक्का तिच्यामागं दारापर्यंत गेली. कौसल्याबाई थोडी थांबली, मग पायरी उतरून गल्लीला लागली.

बाहेर मिरवणूक पेठेत शिरली होती. झांजा वाजत होत्या, 'बसवेश्वर महाराज की जय' चाललं होतं. एरवी काका पुढं होऊन पालखीला खांदा द्यायचे, आज ते पाटावर बसून पंच्यानं तोंड पुसत होते.

"वहिनी, चुकलं पोराचं. पदरात घ्या."

"चुकलं कुठं, भावजी? त्यानं मन लावून निवडलं. जे त्याला मोलाचं वाटलं ते ठेवलं. ते मोलाचं हाय असं मीच त्याला दाखवत आले, मोठ्या लोकांसमोर. हे हंडे मी मागच्या दारानं दाखवायची. झाकून. माझ्याकडनं बी तेच झालं."

"मी भट्टीवर जातो," अमरनाथ म्हणाला. "एखादा राहिला असंल."

"न्हाई राहत. मी भट्टी बघितलीय." अक्कानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "शोरूम कर. मी आडवी येत न्हाई. सही पाहिजे तिथं सही देते. काळ तुमचा हाय, फ्रीज इका, टीव्ही इका. पण टोळ्या आता परतायल्यात. रोज कुणी ना कुणी येईल. नेकनूरची येईल, चकलांब्याची येईल. त्यांना मी सांगणार न्हाई."

"मग?"

"तू सांगायचं."

"अक्का, मी काय सांगू त्यांना?"

"जे केलं ते. गादीवर बसून. पुढच्या दारानं बोलवायचं त्यांना, मागच्या न्हाई. एकेकीला."

"अक्का," बसवेश्वर म्हणाला, "हे जरा जास्त होतंय. दादाला पेठेत तोंड दाखवायचं हाय. मुनीम ठेवू एखादा, तो सांगंल."

"मुनिमानं दिले का भट्टीला?"

अमरनाथ भावाकडं न बघता म्हणाला, "बसू, राहू दे." ज्या घरात शेवटचा शब्द काकांचा असायचा तिथं आज कुणी त्यांच्याकडं बघतही नव्हतं.

ईश्वरी पुढं आली. तिनं कमरेची किल्ली सोडली आणि अक्कासमोर धरली. अक्कानं ती घेतली नाही.

"ठेव तुझ्याजवळ. उद्या काउंटरवर बसशील तेव्हा लागंल."

"मला न्हाई पाहिजे काउंटर."

"पाहिजे की. मला माहीत हाय तुला पाहिजे ते. मीच तुला कधी बसू दिलं न्हाई, माझी जागा जाईल म्हणून." अक्का भिंतीकडं तोंड करून बोलत होती. "बस. पण आधी नवऱ्यापाशी बस, हंड्यांचं सांगायला."

ईश्वरीला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. कपाटातला बल्ब कुणी बंद केला नव्हता, गुंड-पराती तशाच लखलखत होत्या. अमरनाथनं जाऊन बटण दाबलं.

मिरवणूक पुढं निघून गेली तेव्हा ऊन कललं होतं. अमरनाथनं दुकानाची फळी उघडली. सणाच्या दिवशी दुकान उघडं बघून समोरचा कापडवाला काहीतरी थट्टेनं बोलला, यानं उत्तर दिलं नाही. गादीवर बसला. ईश्वरी त्याच्या शेजारी, गादीच्या कडेला, अवघडून. ज्या जागेसाठी ती इतकी वर्षं झुरली होती तिथं बसल्यावर तिला हात कुठं ठेवावेत ते कळेना. तिनं सगळ्यांसमोर कुंकवाचं सांगितलं, अमरनाथ त्यातून अजून सावरला नव्हता.

मागच्या गल्लीकडं वळणारी एक बाई त्यांना दिसली. डोक्यावर गाठोडं, पायात रबरी चपला.

"मावशी," अमरनाथनं हाक मारली. ती वळली नाही म्हणून परत मारली. "मावशी, इकडनं या. पुढनं."

ती बिचकली. "अक्का न्हाईत व्हय?"

"हायत. आत हायत. तुमी इकडनं या, बसा."

ती बसेना, फळीला हात लावून उभी राहिली. चकलांब्याची सुंदरबाई, तिनं नाव सांगितलं. पुढच्या दारानं कुणी बोलावलेलं तिला नवीन होतं, ती भांड्यांच्या उतरंडीकडं, भिंतीवरच्या फ्रीजच्या रंगीत चित्राकडं बघत होती. ईश्वरी पाणी आणायला उठली, अमरनाथनं तिच्या पदराचं टोक धरलं आणि लगेच सोडलं. ती परत बसली.

"मावशी, तुमी हंडा बघायला आलात."

"व्हय. सासूचा हाय माझ्या. सासू कसली, आईच ती." सुंदरबाई हसली. "वळखू येतो मला लांबनं. नाव वाचता येत न्हाई, पर अक्का बोट धरून दाखवत्यात."

अमरनाथनं मान वर केली. जन्मभर गिऱ्हाइकाशी गोड बोलण्यात ज्याचा हात कुणी धरला नव्हता, त्याला एक सरळ वाक्य जुळेना. शेवटी ते एकदमच तोंडातून पडलं.

"तो हंडा मी भट्टीला दिला. दुसऱ्या कुणी न्हाई, मी. माझ्या हातानं टेम्पोत भरला."

"आमी दोघांनी," ईश्वरी म्हणाली.

सुंदरबाईचा फळीवरचा हात तसाच राहिला. ती एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. पेठेतून मिरवणुकीतली पोरं गुलाल उधळत परत चालली होती, त्यातला थोडा तिच्या गाठोड्यावर पडला, तिचं लक्ष नव्हतं.

"जुना न्हाई म्हणून दिला," अमरनाथ म्हणाला. "सन बघितला न् बाजूला टाकला. नाव मी वाचलंसुद्धा न्हाई, मावशी."

"सटवाबाई," ती म्हणाली. "सटवाबाई होतं नाव."